अहो, पण सीपीयू कुठाय?

टेबलाखालचा डबा गायब, टेबलावरचा लॅपटॉपही गायब. उरला फक्त कीबोर्ड, आणि त्याच्याच पोटात अख्खा कॉम्प्युटर! चाळीस वर्षांपूर्वीची ही आयडिया पुन्हा फॉर्मात आलीय. दिसायला सॉलिड क्यूट आहे. पण घरी आणण्याआधी दोन-चार गोष्टी कानावर पडलेल्या बऱ्या.

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणायची पद्धत आहे. खरं तर सीपीयू म्हणजे आतली नखाएवढी चिप. पण रिपेअरवाल्यापासून ऑफिसातल्या हाउसकीपिंगच्या मावशींपर्यंत सगळ्यांसाठी टेबलाखालचं ते धूळ खाणारं खोकं म्हणजेच सीपीयू. त्यामुळे आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा येणारा माणूस आधी टीव्हीवर उघडलेली स्प्रेडशीट बघतो, मग टीपॉयवरचा पांढरा-गुलाबी कीबोर्ड बघतो, मग हळूच वाकून टीपॉयखाली नजर टाकतो. आणि मग तो प्रश्न येतोच.

उत्तर सोपं आहे. सीपीयू कीबोर्डातच आहे. मेमरी, वायफाय, ब्लूटूथ, यूएसबीची पोर्ट्स, सगळं त्या २९ सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद पट्टीत. पाठीमागून एक केबल टीव्हीला, एक भिंतीतल्या सॉकेटला, शेजारी माउस. झाला कॉम्प्युटर तयार. वस्तूचं नाव ‘रास्पबेरी पाय ४००’. मी आईला फोनवर ‘पाय घेतला’ म्हणून सांगितलं तेव्हा ती दोन सेकंद गप्पच होती. मग म्हणाली, ‘अगं, कुणाचा?’

ही वस्तू ब्रिटनची. नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे अर्धं जग घरात बसून शाळा आणि ऑफिस करत होतं तेव्हा ती बाजारात आली. नुसत्या कीबोर्डाची किंमत ७० डॉलर, आणि माउस, ॲडॉप्टर, मेमरी कार्ड, केबल, पुस्तक असं सगळं हवं असेल तर १०० डॉलर. आत ४ जीबी मेमरी, पंखा नाही, त्यामुळे आवाजही नाही. गरम होऊ नये म्हणून आत कीबोर्डाएवढा मोठा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवलाय. डिसेंबर २०२४ मध्ये तिची थोरली बहीण आली, ‘पाय ५००’. ८ जीबी मेमरी, बराच दमदार प्रोसेसर, ९० डॉलर. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘५०० प्लस’. १६ जीबी मेमरी, आत २५६ जीबीची एसएसडी, खाली रंगीत दिवे लागणाऱ्या मेकॅनिकल कीज, २०० डॉलर. त्यानंतर जगभर मेमरी चिप्स महागल्या आणि कंपनीने किमती वाढवल्या, तेव्हा हे आकडे लाँचच्या वेळचे समजा. आपल्याकडे येईपर्यंत त्यावर टॅक्स वगैरे चढतो तो वेगळा.

काकांच्या जमान्यातलं फॅड

आता कुणी म्हणेल, वा, काय नवीन फंडा आहे! नवीन? छे. १९८० च्या दशकात घरगुती कॉम्प्युटर म्हणजे असाच असायचा. १९७७ च्या ॲपल टू मध्येही मशीन आणि कीबोर्ड एकाच खोक्यात होतं. पण खरी धमाल १९८२ ची. त्या वर्षी अमेरिकेत कमोडोर ६४ आला, ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. स्पेक्ट्रमचं १६ केबीचं मॉडेल १२५ पौंडांना. केबी, बरं का! आज व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या एका फोटोतही त्याहून जास्त डेटा असतो. स्पेक्ट्रमच्या कीज रबराच्या होत्या, दाबल्यावर खोडरबर दाबल्यासारखं वाटणाऱ्या. गेम लोड करायचा तर कॅसेट प्लेअर जोडायचा आणि चार-पाच मिनिटं किर्रर्र आवाज ऐकत बसायचं.

सगळं कीबोर्डातच का कोंबायचे? कारण घरात टीव्ही होता, कॅसेट प्लेअर होता. मग कंपनीने ते पुन्हा कशाला विकायचं? कॉम्प्युटरमध्ये जे घरी नाही तेवढंच द्यायचं, की किंमत मध्यमवर्गीय बापाच्या आवाक्यात. हिशोब एकदम करेक्ट होता. फक्त त्यात एक भानगड होती. घरात टीव्ही एकच, आणि संध्याकाळी तो सगळ्यांना हवा.

आपल्या देशातही ही मंडळी पोचली होती. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात ब्रिटनचा बीबीसी मायक्रो वापरला गेला. तोही कीबोर्डवालाच. डेसिबेल्स नावाच्या कंपनीने तर परवाना घेऊन स्पेक्ट्रम इथेच विकला. पण आमच्या पिढीला हे ठाऊक नाही. आमच्या पिढीचा कीबोर्डवाला कॉम्प्युटर म्हणजे टीव्ही-गेम. आठवतोय? मोठा राखाडी कीबोर्ड, वर कार्ट्रिजची खाच, सोबत दोन जॉयस्टिक, आणि खोक्यावर ‘एज्युकेशनल कॉम्प्युटर’ असं ठासून लिहिलेलं, म्हणजे आईवडील विरघळावेत. आत खरं तर निन्टेन्डोच्या जुन्या आठ बिटच्या गेमची नक्कल. एक टायपिंगचा गेम होता, एक बेसिकची कार्ट्रिज होती. दुपारभर बसून प्रोग्रॅम लिहायचा आणि बंद केलं की सगळं पुसलं जायचं, कारण साठवायला जागाच नव्हती. तरी मी तिसरीत असताना वर्गात ‘आमच्याकडे कॉम्प्युटर आहे’ असं सांगत फिरायचे. त्या रुबाबापुढे बाकी सगळं झूठ.

मग ही जात संपली कशी? १९८१ मध्ये आयबीएमने पीसी काढला, त्यात डबा वेगळा आणि गुंडाळलेल्या वायरीने जोडलेला कीबोर्ड वेगळा. डब्यात कार्डं घालता यायची, हार्ड डिस्क घालता यायची, एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता यायचा. ऑफिसांनी तोच उचलला. घरात अमिगासारखी कीबोर्डवाली मशिन्स काही वर्षं टिकली, पण १९९४ मध्ये कमोडोर कंपनीचं दिवाळं निघालं आणि विषय संपला. मधेच असूसने ‘ई-कीबोर्ड’ नावाचा प्रयोग केला, २००९ मध्ये दाखवला, त्याच्या उजव्या कडेला पाच इंची टचस्क्रीन होती. कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

रास्पबेरी पायवाल्यांनी मात्र ही जुनी गोष्ट मुद्दाम उकरून काढली. त्यांचे प्रमुख एबन अप्टन स्वतः बीबीसी मायक्रोवर वाढलेले. केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्स शिकायला येणाऱ्या मुलांना पूर्वीसारखं प्रोग्रॅमिंग येत नाही, कारण घरातला कॉम्प्युटर आता खोलून-खेळून बघायची वस्तूच राहिली नाही, ही त्यांची तक्रार होती. पायचा जन्म त्यातूनच झाला.

लॅपटॉप कुणाचा?

एवढं असूनही मी हा कीबोर्ड जुन्या आठवणींसाठी घेतला नाही. कारण वेगळंच आहे, आणि तुमच्यापैकी निम्म्या जणांना ते लागू पडेल.

२०२३ मध्ये माझ्या एका मैत्रिणीची नोकरी गेली. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, त्या वर्षी अशा बऱ्याच होत्या. सकाळी दहाला कॉल, अकराला अकाउंट बंद, संध्याकाळपर्यंत लॅपटॉप कुरिअरने परत पाठवा असा मेल, तोही पर्सनल आयडीवर. सात वर्षं ती त्या लॅपटॉपवर जगली होती. फॉर्म १६, सॅलरी स्लिपा, बाबांच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, ट्रेकचे फोटो, आणि सगळ्यात भारी म्हणजे तिचा सीव्ही. सगळं आत. घरात दुसरा कॉम्प्युटर नाही. नवीन नोकरीचे अर्ज तिने पहिले तीन आठवडे फोनवरून भरले. दीड लाखाचा फोन हातात आणि एक धड पीडीएफ बनवता येईना!

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपल्या शेअर्ड फ्लॅटमध्ये चार मुली, चार लॅपटॉप, आणि त्यातला एकही आमचा नाही. चारही कंपन्यांचे. सगळ्यांवर ॲसेट टॅगचे स्टिकर. आत काय चाललंय ते आयटीवाल्यांना दिसतं. घरात स्वतःच्या मालकीचं म्हणावं असं एक मशीन नाही, आणि चांगला लॅपटॉप घ्यायचा तर पगारातून भाडं, ईएमआय आणि एसआयपी गेल्यावर उरतं काय? टीव्ही मात्र होता. बत्तीस इंची, आधीच्या भाडेकरूने सोडलेला. म्हणजे १९८२ चा हिशोब जसाच्या तसा. जे घरात आहे ते पुन्हा विकत का घ्यायचं?

तर ही झाली या वस्तूची खरी मोहिनी. छोटं, स्वस्त, आपलं. अर्ध्या तासात सुरू होतं. मायक्रोएसडी कार्डावर सगळी सिस्टीम असते, त्यामुळे कार्ड बदललं की कॉम्प्युटर बदलला. माझं एक कार्ड कामाचं, एक रूममेटचं. तिचं काही मला दिसत नाही, माझं तिला नाही. ॲडॉप्टर जेमतेम १५ वॉटचा, त्यामुळे विजेच्या बिलाचं टेन्शन नाही. सुट्टीत घरी जाताना जीन्सच्या घडीत गुंडाळून बॅगेत टाकायचा आणि तिकडच्या टीव्हीला जोडायचा. मेल, गूगल डॉक्स, टॅक्स रिटर्न, सीव्ही, बँकेची कामं, सगळं बिनबोभाट होतं.

आणि एक सांगू? बटण दाबलं की समोर टीव्हीवर काहीतरी उमटतं, मधे कुठलाही डबा नाही, याची गंमत अजून ओसरलेली नाही.

आता कडू गोळी

पहिली गोष्ट म्हणजे केबल. फोटोत हा कीबोर्ड अगदी सडपातळ आणि सुटसुटीत दिसतो, कारण फोटोत केबल नसतात. प्रत्यक्षात त्याच्या पाठीमागून वीज, टीव्ही, माउस, पेनड्राइव्ह अशा शेपट्या निघतात. साधा कीबोर्ड आपण मांडीवर घेतो, सरकवतो, वैतागलो की ढकलतो. हा सरकवला की मागून टीव्हीही ओढला जातो की काय असं वाटतं. सोफ्यावर रेलून टाइप करायचं स्वप्न असेल तर विसरा. शिवाय टीव्हीची केबल नेहमीची नाही. मी पुण्यात तपकीर गल्लीत गेले तर दुकानदाराने विचारलं, ‘ताई, मिनी पाहिजे की मायक्रो?’ मायक्रो. नीट लक्षात ठेवा, मायक्रो एचडीएमआय. मिनी वेगळी असते आणि ती यात जात नाही.

हेडफोनची पिन यात घालता येत नाही, जॅकच नाही. आवाज टीव्हीतून घ्या नाहीतर ब्लूटूथने. कॅमेरा नाही, माइक नाही. म्हणजे व्हिडिओ इंटरव्ह्यू द्यायचा तर वेबकॅम वेगळा आणा. बॅटरी तर नाहीच. लॅपटॉपची सवय असलेल्या माणसाला लाइट गेल्यावर होणारा तो अंधार नवीन असतो. वीज झटकन गेली तर मेमरी कार्डावरचा डेटा खराब व्हायचीही भीती असते. पावसाळ्यात, जिथे लाइट लपंडाव खेळते अशा भागात तुम्ही राहत असाल तर आधी छोट्या यूपीएसचा विचार करा, मग कॉम्प्युटरचा.

सॉफ्टवेअरचंही ऐका. पायमध्ये फोनसारखा आर्म प्रोसेसर असतो आणि वर लिनक्स चालतं. नेहमीचं विंडोज नाही. म्हणजे टॅली नाही, फोटोशॉप नाही, ऑफिसने दिलेलं ते विचित्र व्हीपीएन बहुतेक नाहीच. ब्राउझरमध्ये जे होतं ते होतं. ४ जीबीवाल्यात तेही जपून. आपल्यासारखी एकावेळी तीस टॅब उघडायची खोड असेल तर तो दम टाकतो. ८ जीबीवाला बराच बरा. मराठी टायपिंग? सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड निवडता येतो, पण कीजवर देवनागरी अक्षरं छापलेली नाहीत. ब्रिटिश मॉडेल हाती आलं तर आणखी मजा. ‘@’ आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागांची अदलाबदल असते, त्यामुळे पहिला आठवडाभर प्रत्येक ईमेल पत्ता चुकतो.

पण हे सगळं सवयीने जमतं. मला खरी खटकते ती गोष्ट वेगळी आहे. कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांत सगळ्यात जास्त मार कीबोर्डच खातो. आपण त्याच्यावर रोज हजारो टोले हाणतो, वेफर्सचा चुरा पाडतो, त्याच्या शेजारी चहा ठेवतो. म्हणूनच कीबोर्ड वेगळा, स्वस्त आणि बदलता येणारा असणं हे इतकं शहाणपणाचं. इथे मात्र आपण जी वस्तू सगळ्यात आधी झिजणार, तिच्याच पोटात सगळ्यात महागडी वस्तू ठेवली. साध्या कीबोर्डवर कटिंग सांडला तर पाचशे रुपयांचा फटका. इथे सांडला तर फाइल्स, मेमरी, प्रोसेसर, सगळ्यांना एकदम चहा! लॅपटॉपचंही तेच म्हणाल, आणि ते खरंय. पण लॅपटॉप निदान बॅटरी आणि स्क्रीन तरी देतो ना बदल्यात.

एखादी की रुसली तर इलाज आहे. यूएसबीला दुसरा कीबोर्ड लावायचा. म्हणजे कीबोर्डाला कीबोर्ड. बघणाऱ्याने हसावं की रडावं? ५०० प्लसमध्ये निदान कीजच्या टोप्या काढून साफ करता येतात, त्याचं हत्यारही डब्यात येतं. ही खरी सुधारणा. पण मग किंमत दुपटीच्या वर.

हिशोबाचंही तसंच. टीव्ही घरात असेल तरच हा सौदा स्वस्त. पायवाल्यांनी ५०० सोबतच १५.६ इंचांचा मॉनिटर काढला, तो १०० डॉलरचा. म्हणजे स्क्रीन कॉम्प्युटरपेक्षा महाग. त्यात माउस, ॲडॉप्टर, वेबकॅम, हेडफोन घाला, की आकडा चांगल्या सेकंडहँड लॅपटॉपच्या शेजारी जाऊन बसतो. आणि फक्त डबाच छोटा हवा असेल तर मिनी पीसी मिळतात, जेवणाच्या डब्याएवढे, विंडोजसकट. त्यांना हवा तो कीबोर्ड लावा, चहा सांडा, नवीन लावा.

ऑफिसातही येतोय म्हणे

जानेवारी २०२६ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एचपीने ‘एलिटबोर्ड’ नावाचा असाच कीबोर्ड दाखवला. पण हा खेळण्यातला नाही. आत लॅपटॉपचा एएमडी प्रोसेसर, वर विंडोज, आणि रोख सरळ ऑफिसांवर. कल्पना अशी की हॉट डेस्कवाल्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर मॉनिटर असतोच. तुम्ही फक्त आपला कीबोर्ड घेऊन या, एक केबल खोचा, कामाला लागा.

ऐकायला झकास. पण मला दिसतं ते असं, की सकाळी पीएमपीच्या गर्दीत किंवा लोकलच्या दारात बगलेत कीबोर्ड धरून उभी असलेली आपली पब्लिक. आणि घरून काम करायचं म्हटलं की आधी घरी मॉनिटर हवा, तो कोण देणार? लॅपटॉपने एक गोष्ट निदान प्रामाणिकपणे केली होती, कंपनीने दिला की आपल्याला दुसरं काही आणावं लागत नव्हतं. स्क्रीन कर्मचाऱ्याच्या खिशातून काढायची ही नवी युक्ती ठरू नये म्हणजे मिळवली. आणि ॲसेट टॅगचा स्टिकर? तो कीबोर्डच्या पोटावरही चिकटतोच.

मग घ्यावा की नाही? घरात एकही स्वतःचा कॉम्प्युटर नसेल, टीव्ही रिकामा असेल, आणि काम मेल-सीव्ही-रिटर्न एवढंच असेल तर बिनधास्त घ्या, ८ जीबीवाला. घरात सातवी-आठवीतलं पोर असेल तर नक्की घ्या. मागे चाळीस पिनांची एक पट्टी आहे, तिला दिवे, सेन्सर, मोटर असलं काहीबाही जोडता येतं, आणि कार्ड बिघडलं तर पुसून पुन्हा भरता येतं, ओरडा न खाता. एकुलता एक कॉम्प्युटर म्हणून, फिरतीच्या कामासाठी किंवा रोजच्या व्हिडिओ कॉलसाठी घेत असाल तर माझं मत नाही. माझ्या त्या मैत्रिणीने शेवटी सेकंडहँड लॅपटॉपच घेतला, आणि तिचं बरोबर होतं, तिला कॅफेत बसून इंटरव्ह्यू द्यायचे होते.

ऑर्डर टाकायच्या आधी एकच करा. उठा, टीव्हीच्या मागे हात घाला आणि एचडीएमआयची पोर्ट्स मोजा. एक सेट-टॉप बॉक्सला गेलेलं असतं, दुसरं त्या ओटीटीच्या स्टिकला. तिसरं सापडलं तर पुढचं बोलू.